अठ्ठ्याहत्तर भाकरी

गजभारे सरांच्या भाषेत इंग्रजी 'एन' हे एक अक्षर पडद्यावर आणायला अठ्ठ्याहत्तर भाकरी लागत. अख्खं 'नांदेड' लिहायचं तर चारशे सव्वीस. हे गणित मी केलेलं नाही, त्यांनीच मला स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगितलं होतं. माझ्या हातात तेव्हा खरीखुरी भाकरी होती. "चारशे सव्वीस, सर. पर चाबी लावली तर शंभराच्या आत भागतंय," असं म्हणून ते समाधानानं कांदा फोडायला लागले.

गैरसमज नको. गजभारे सर वेडे नव्हते, आणि ही बोलायची भाषा नव्हे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते संगणक शिकवत आणि मी त्यांचा विभागप्रमुख होतो, म्हणजे अजून आहे. प्रमुख या शब्दानं हुरळून जायचं कारण नाही. आमच्याकडे पंख्यापासून प्रोजेक्टरपर्यंत जे जे बंद पडतं त्याबद्दल बोलणी खाणाऱ्या माणसाला प्रमुख म्हणतात. पण मी कायम होतो आणि गजभारे तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर तुम्ही आहात, नाही घेतला तर नाही, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तर तुमचा जन्मच झालेला नाही. अशी बारा वर्षं त्यांनी काढली होती.

जगात काही चक्रम लोक निव्वळ गंमत म्हणून संगणकाच्या अशा भाषा तयार करतात की त्यात काम करताना माणसाच्या नाकी नऊ यावेत. गजभाऱ्यांची भाषा त्याच जातकुळीची, फक्त मराठीत. तिच्यात एकूण शब्द आठ. संगणकाच्या पोटात एकापुढं एक खण मांडले आहेत आणि प्रत्येक खणात एक आकडा आहे असं समजा. 'भाकर' म्हटलं की समोरच्या खणातला आकडा एकानं वाढतो, 'पानी' म्हटलं की एकानं कमी होतो. 'सोमवार' म्हणजे पुढच्या खणात सरक, 'बिलोली' म्हणजे मागच्या खणात परत ये. 'चाबी' म्हणजे इथून पुन्हा पुन्हा कर, 'इळी' म्हणजे आता थांब. 'हजर' म्हणजे बाहेरून कोणी काही देतंय ते घे, आणि 'हाव', एरवी आमच्याकडचं 'हो', म्हणजे जे आत आहे ते बाहेर दाखव. यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षराचा एक आकडा ठरलेला असतो, मोठ्या 'एन'चा अठ्ठ्याहत्तर, म्हणून तेवढ्या भाकरी. झाली भाषा. एवढ्यावर जगातलं कुठलंही गणित सुटतं असं ते म्हणत, आणि दुर्दैवानं ते खरं आहे.

एवढ्यावर थांबले असते तर एक छंद म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण ही भाषा त्यांनी दुसऱ्या एका धडधाकट, कमावत्या भाषेच्या आत बसवली होती, मॅक्रो वापरून. मॅक्रो म्हणजे काय ते आमच्या गेटसमोरच्या हॉटेलात नीट कळतं. मी आत शिरताना 'नेहमीचं' एवढाच शब्द टाकतो आणि हॉटेलवाले चाचा दोन कट चहा, त्यातला एक बिनसाखरेचा, आणि एक प्लेट भजी आणून ठेवतात. एका शब्दाचं एवढं सगळं होतं, आणि टेबलावर माल येतो तेव्हा 'नेहमीचं' हा शब्द कुठंही शिल्लक नसतो. मॅक्रोचं तेच. प्रोग्रॅम चालायच्या आधी, तो तयार होत असतानाच, 'भाकर'च्या जागी खऱ्या भाषेतली ओळ येऊन बसते. चालताना यंत्राला भाकर दिसतही नाही.

आणि याच गोष्टीवर सरांचा जीव होता. "काही लोक काय करतेत सर, प्रोग्रॅम चालू झाल्यावर एकेक शब्द वाचतेत आन् मग त्याचा अर्थ शोधत बसतेत. समोरचा तोवर ताटकळला. तसं न्हाई करायचं. आधीच समजून ठिवायचं. टायमावर इचारायचं न्हाई." हे वाक्य त्यांनी वर्गात, स्टाफरूममध्ये, बसस्टॉपवर आणि एकदा माझ्या मेहुण्याच्या लग्नाच्या पंगतीतही म्हटलेलं मी ऐकलं आहे.

ते फक्त म्हणत नसत, तसं वागतही. तुम्ही फळ्याकडे वळलात की तुमच्या हातात खडू येई. तुम्हाला गार वाटायच्या आधी पंखा कमी होई. पोरांनी शंका विचारायला हात वर केला की तोंड उघडायच्या आत उत्तर मिळे, आणि दहातल्या आठ वेळा ते त्याच शंकेचं असे. उरलेल्या दोन वेळा पोरं आपली शंका बदलत. मला शिंक येणार हे ओळखून ते दस्ती पुढं करत, आणि ती दस्ती बघून माझी शिंक परत जाई. माणसाच्या चेहऱ्याकडे असं टक लावून बघत राहणं बरं दिसत नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. "सवय हाय सर," एवढंच म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

शब्दांवरून मी त्यांना भरपूर छळलं. "भाकर समजू शकतो. पाणी समजू शकतो. पण सोमवार का? मंगळवारनं काय घोडं मारलं?"

"न्हाई सर. सोमवारच हाय."

"आणि बिलोली? तुमचं गाव म्हणून?"

"गाव हाय. पर त्यामुळं न्हाई."

एकदा ते तासाला गेले असताना मी त्यांच्या संगणकावर बसून आठ शब्दांच्या त्या तक्त्यात नववा शब्द घातला. 'चहा', आणि त्याचा अर्थ दिला, 'काही करू नको'. सगळा विभाग खूश झाला. गजभारे आले, पडद्याकडे बघितलं, शब्द खोडला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच जवळ येऊन म्हणाले, "नववा शब्द आपण घालायचा नसतो, सर. आला तर येतो. ज्या दिवशी आला त्या दिवशी मी पेढे वाटीन, बघा." आम्हाला ही विद्वत्तेची घमेंड वाटली. पुढं कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये कोणी पेढ्याचं नाव काढलं की आम्ही गजभाऱ्यांकडे बघून हसत असू.

दुसरी त्यांची खोड म्हणजे अकरा चाळीस. रोज अकरा चाळीसला ते स्कूटी काढत आणि सव्वाबाराला परत येत. दुपारी तीनला पुन्हा तसंच. ऊन असो, परीक्षा असो, जगबुडी असो. संस्थेचे अध्यक्ष एकदा वेळेचं महत्त्व या विषयावर बोलत होते. भाषण रंगात आलं आणि अकरा चाळीस वाजले. गजभारे पहिल्या रांगेतून उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. साहेब बोलता बोलता त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. गजभारे कुठं जातात याबद्दल कॉलेजात तीन मतं होती. एक, शहरात चोरून शिकवणी घेतात. दोन, दुसऱ्या कॉलेजातही तास घेतात. तिसरं मत इथं लिहिण्यासारखं नाही, पण ते माझं होतं.

आणि क्वार्टर नंबर चार. कॉलेजच्या मागं कायम प्राध्यापकांसाठी सहा क्वार्टर आहेत, बैठी, प्रयोगशाळेपासून तीन मिनिटांवर. चार नंबर रिकामं होतं. गजभारे टेप घेऊन तिथं जात आणि दारं मोजत. एकदा नव्हे, अनेकदा. मी स्वतः त्यांना संडासाच्या दारात उकिडवं बसलेलं पाहिलं आहे. "काय सर, वास्तुशास्त्र का?" मी विचारलं. "एकतीस इंच हाय, सर," ते म्हणाले. "चौकट जरा तासली तर बसतंय." काय बसतंय ते मी विचारलं नाही. टायमावर विचारायचं नाही, असा त्यांचाच नियम होता ना.

त्या क्वार्टरसाठी त्यांना कायम व्हायचं होतं. पगारासाठी, मानासाठी आम्ही सगळे कायम होतो. हा एकच माणूस मला असा भेटला की ज्याला एकतीस इंचाच्या दारासाठी कायम व्हायचं होतं. वर्षातून दोनदा ते मला विचारत, "जागा निघायलीय का सर यंदा?" आणि मी वर्षातून दोनदा "बघू" म्हणत असे. आमच्या धंद्यात या शब्दासारखा मॅक्रो नाही. ऐकणाऱ्यानं त्याचा पाहिजे तेवढा विस्तार करून घ्यावा.

शेवटी एक जागा निघाली.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं वेगळं सांगत आलो आहे. म्हणजे असं की, जागा आधीच ठरलेली होती. साहेबांच्या साडूचा मुलगा पुण्याहून शिकून आला होता आणि जाहिरात त्याच्या मापानं शिवलेली होती. समितीत पाच माणसं होती आणि पाचही जणांना हे माहीत होतं. हे सगळं खरं आहे. पण विष्णुपुरीच्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, बारा वर्षं शिकवलेला, ज्याच्या हाताखालची पोरं कुठल्या कुठं गेली असा माणूस समोर असताना त्याला नाही म्हणायला काहीतरी कारण कागदावर लागतं. कारण मी दिलं. कोणी मागितलं नव्हतं.

परीक्षेची बैठक व्यवस्था लावणारा आमच्या कॉलेजचा प्रोग्रॅम गजभाऱ्यांनी लिहिलेला होता. कोणत्या खोलीत, कोणत्या बाकावर कोण, शेजारी दुसऱ्या शाखेचं पोरगं, हे सगळं तो चुटकीसरशी करी. त्यात एका कोपऱ्यात त्यांनी आपली आठ शब्दांची भाषा बसवली होती. बाक पुढं सरकवायला सोमवार, मागं घ्यायला बिलोली. चार वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी तो तक्ता छापून घेतला. घरी बायकोसमोर एकदा वाचूनही बघितला, कुठं थांबायचं, कुठं जोर द्यायचा ते ठरवायला. ती हसली नाही. मी म्हटलं, हिला विषय कळत नाही.

समितीला कळला. गजभाऱ्यांचं नाव पुकारायच्या आधी मी साहेबांना म्हणालो, "यांचं एक संशोधन आहे, परवानगी असेल तर वाचतो." आणि वाचलं. 'भाकर' म्हणजे एक वाढव, 'पानी' म्हणजे एक कमी कर. 'सोमवार'वर मी असा जोर दिला की प्राचार्यांच्या हातातला कप हिंदकळला. साहेब डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे आपल्या कॉलेजची परीक्षा हा माणूस भाकरीवर चालवतोय." मी पुन्हा वाचलं. साहेब हसले की आमच्या विभागाला बरे दिवस येतात हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की गजभारे माझ्यापेक्षा हुशार होते आणि ही गोष्ट मला रोज सकाळी हजेरीवर सही करताना आठवत असे.

मग त्यांना आत बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दस्ती. सगळ्यांच्या तोंडावर अजून हसू होतं.

"गजभारे, तुम्ही रोज अकरा चाळीसला जाता कुठं?" साहेबांनी विचारलं.

"घरी, साहेब."

"रोज?"

"रोज."

"का?"

"काम असतंय."

सात मिनिटांत मुलाखत संपली. जाताना ते दारात क्षणभर थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मी त्यांच्यासाठी शब्द टाकावा अशी अपेक्षा असेल. मी मान हलवली. ते बाहेर गेले तेव्हा अकरा पस्तीस झाले होते.

आठवडाभरात त्यांचा राजीनामा आला, दोन ओळींचा. तासिका तत्त्वावरच्या माणसाला राजीनामा द्यावा लागत नाही. तो नुसता यायचा थांबतो. यांनी रीतसर दिला. साडूच्या मुलाला क्वार्टर नंबर चार मिळालं. तो राहतो शहरात, क्वार्टरमध्ये त्याची मोटारसायकल राहते.

दिवाळीनंतर परीक्षा आल्या आणि नव्या प्राध्यापकांनी बैठक व्यवस्थेचा प्रोग्रॅम उघडला. भाकरी बघून त्यांना शिसारी आली. त्यांनी तो आठ शब्दांचा तक्ता कचरा म्हणून काढून टाकला. प्रोग्रॅम तयारच होईना. जिथं जिथं 'सोमवार' होता तिथं तिथं यंत्र सांगायला लागलं की हा शब्द मला माहीत नाही. दोनशे अकरा चुका. परीक्षा चार दिवसांवर आली तसा प्राचार्यांचा आवाज चढला आणि पंख्यापासून प्रोजेक्टरपर्यंतच्या न्यायानं ते माझ्या गळ्यात आलं. फोनवर गजभारे म्हणाले, "लातूरला हाव सर सध्या. लॅपटॉप घेऊन या, करून देतो." एका शब्दानंही का, कशाला, असं विचारलं नाही. त्यामुळे मला आणखीच राग आला, कोणाचा ते माहीत नाही.

लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शिकवणीच्या बोर्डांनी भरलेल्या एका गल्लीत त्यांचं घर होतं, तळमजल्यावर दोन खोल्या. एका क्लाससाठी ते घरात बसून प्रश्नपत्रिकांचं काहीतरी सॉफ्टवेअर करत होते. दार उघडंच होतं. आत शिरलो आणि पहिल्यांदा चाकाची खुर्ची दिसली.

खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती. पांढरं लुगडं, घट्ट अंबाडा, डोळे थेट माझ्यावर. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला.

"हजर," ती म्हणाली.

"आमचे एचओडी सर हायत, माय," गजभारे मागून म्हणाले. "नांदेडहून आलेत. कॉलेजच्या कामासाठी."

ती समाधानानं मागं टेकली. मी भिंतीकडे बघितलं. तिथं पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात एक तक्ता लावलेला होता, शेजारच्या बाई लक्ष ठेवायला येतात त्यांच्यासाठी. भाकर, आणखी पाहिजे. पानी, कमी करा. सोमवार, पलीकडं न्या. बिलोली, परत आत आणा. चाबी, पुन्हा सांगा. इळी, थांबा. हजर, कोण आलं, काय म्हणतंय ते सांगा. आठव्या शब्दासमोर फक्त 'हाव' लिहिलं होतं.

मला बसायला खुर्ची दिली होती, मी उभाच होतो.

"पाच वर्षं झाली," गजभारे लॅपटॉप उघडत म्हणाले. जसं काही मी विचारलं होतं. "लकवा मारला. हात गेला, त्याचं काई न्हाई, पर बोलणं गेलं. आठ शब्द राहिले. तेही भलतेच. मला आधी वाटलं, पानी म्हनायलीय म्हणजे पानीच पाहिजे. तीन महिने मी पानी पाजून राहिलो सर तिला. ती पियाची आन् रडायची. रडायची आन् परत पानी म्हनायची. एका दिवशी लाइट गेली, पंखा बंद झाला, तशी हसली. तवा समजलं. पंखा कमी कर म्हणत होती."

"पण सांगायचं नाही का हो कॉलेजात?" मी विचारलं. "त्या दिवशी समितीत विचारलं होतं तुम्हाला. आईचं सांगितलं असतं तर..."

"माय बाई होती सर, बिलोलीला. झेडपीच्या शाळेत तीस वर्षं. जयंतीला तिचं भाषण असलं की आजूबाजूच्या पाच गावची माणसं यायची ऐकायला. माइकची गरज नसायची तिला." ते बटणं दाबत बोलत होते, माझ्याकडे न बघता. "नोकरी मागताना माझ्या नावावर काई मागायचं न्हाई, असं तिनंच मला सांगितलं होतं. धडधाकट होती तवा. दुखण्यावर तर न्हाईच न्हाई. तुझं काम दाखव म्हणाली. आता ती बोलत न्हाई म्हणून मी तिचं बोलणं मोडायचं का?"

मग क्वार्टरचं दार, एकतीस इंच, तीन मिनिटांचं अंतर, स्कूटी, सगळं माझ्यासमोर आलं. खरं सांगायचं तर मला त्यांची दया आली नाही. मला फक्त माझी शरम वाटली, आणि ती इतकी होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

"गजभारे," मी म्हणालो, "त्या दिवशी समितीत तुमचा तो तक्ता..."

"तुम्ही वाचला. माहीत हाय." ते अजूनही पडद्याकडेच बघत होते. "मी बाहेर बाकावरच होतो. दाराला नुसता पडदा होता. सगळं ऐकू येत होतं."

मी त्या दिलेल्या खुर्चीत बसलो.

"चांगलं वाचलं तुम्ही. उच्चार साफ हायत तुमचे. फक्त 'सोमवार'वर एवढा जोर द्यायचा न्हाई, सर. माय ते हळू म्हणती."

मला वाटलं आता ते टोचून काही बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खरोखरच एवढंच सांगायचं होतं. वर्गात पोराची चूक दुरुस्त करताना त्यांचा जो आवाज असे, तोच होता. मग ते उठले, "चहा ठिवतो" म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. लॅपटॉपवर आमचा प्रोग्रॅम तयार होत होता. आठ शब्द पुन्हा जागेवर आले होते. चुका शून्य.

मी आणि बाई समोरासमोर राहिलो. बारा वर्षं एका विभागात काढलेल्या माणसाच्या आईचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. पेढ्यांची आठवण झाली. नववा शब्द आला तर वाटीन म्हणाले होते. घरात पेढे नव्हते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोमवार."

अगदी हळू. जोर न देता.

माझ्या तोंडात "काय?" आलं होतं. तसंच ते गिळलं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायची गरज नव्हती. तो मला पाठ होता, हसवण्यासाठी पाठ केलेला होता. सोमवार म्हणजे पुढच्या खणात. पुढं ओटा होता, ओट्यावर ऊन होतं. मी खुर्चीच्या मागं गेलो, चाकाचा खटका सोडवायला मला जरा वेळ लागला, बाई थांबल्या. मग मी खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली, पुढची चाकं थोडी उचलली आणि त्यांना बाहेर उन्हात नेलं. दार ऐसपैस होतं, कुठं घासलं नाही.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला. गजभारे आतल्या दारात येऊन उभे राहिले असावेत. काय झालं, कुठं नेताय, असं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी वळून बघितलं नाही, कारण मला तोंड दाखवायचं नव्हतं.

बाईंनी डावा हात उचलला आणि खुर्चीच्या मुठीवरच्या माझ्या हातावर ठेवला.

"हाव," त्या म्हणाल्या.